तुकड्यावरचे तीन डाग

मंगळवारी सकाळी सव्वाअकराला ताईचा फोन आला. दाजी गेले, ती म्हणाली. मी वाचनालयात होतो. समोरच्या वाचकाच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला, पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि सात रस्ता चौकातून रिक्षा केली. घरी पोचलो तेव्हा दाजी पलंगावर होते. पायात मोजे होते. बूट दाराशी होते. मोजे घालून उठले आणि पुन्हा बसले, असं ताईने सांगितलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उत्तम. त्या दिवशी ते चौथा अर्ज द्यायला निघाले होते. तो टेबलावर प्लास्टिकच्या पाकिटात तयार होता. त्या अर्जांमुळे ते गेले, असं मी लिहिणार नाही. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला आहे आणि दोन वर्षांपासून त्यांच्या गोळ्या चालूच होत्या. दाजींनी आयुष्यात मोजल्याशिवाय एकही आकडा कागदावर उतरवला नाही. त्यांच्यावर लिहायला बसून मीच अंदाजपंचे काही लिहिलं, तर त्यांना ते आवडणार नाही. पण जे मोजता येण्यासारखं होतं आणि जे कुणी मोजलं नाही, ते मात्र मी लिहिणार आहे. ते गेल्याला आता दीड महिना झाला. या काळात माझं दुःख थोडं बसलं असेल. राग बसलेला नाही.

साखर कारखान्यातल्या अपघाताची बातमी या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींनी वाचली असेल. चार ओळींची होती. ऊस वर नेणारी साखळी तुटली, एक कामगार जखमी झाला, साखळीच्या पिनेचं पोलाद तपासणाऱ्याकडून मानवी चूक झाल्याचं चौकशी समितीचं प्राथमिक मत आहे... तो तपासणारा म्हणजे आमचे दाजी. बातमीत नाव नव्हतं. पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. सोलापुरात असं काम करणारी माणसं आहेत तरी किती!

दाजी मूळचे वैरागचे. वडील तिथल्या बाजारात पोती वाहायचे. मुलाने बार्शीला राहून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि सोलापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी धरली. ही प्रयोगशाळा धातू तपासणारी. शेजाऱ्यांना मात्र प्रयोगशाळा म्हटलं की रक्त-लघवीच आठवायची. "साहेब, उपाशीपोटी यायचं का जेवून?" असं गल्लीतला कुणी ना कुणी विचारायचाच. दाजी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "मी लोकंडाची शुगर बघतो. तुमी लोकंडाचं आसाल तर या."

ताईला बघायला आले तो दिवस मला चांगला आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होतो. आईने ताईचा एक मोठा फोटो खास स्टुडिओत जाऊन काढून घेतला होता. तो मी दाजींच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठा आणि मधलं बोट यांच्या चिमटीत, अगदी कडेला धरला, पाहिला, तसाच परत दिला. पाहुणे गेल्यावर आई चुलीशी जाऊन बसली. "पोरगी पसंत न्हाय त्याला. फोटोला धड हातसुदिक लावला न्हाय," म्हणाली. आम्ही सगळेच हिरमुसलो. दुसऱ्या दिवशी त्यांचा होकार आला तेव्हा आईचा विश्वास बसेना. पुढे लग्न झालं, विहारात साधेपणाने झालं, आणि मग हळूहळू आमच्या लक्षात आलं की हा माणूस सगळंच कडेने धरतो. ताट, आरसा, पुस्तक, रेशनकार्ड. कडक भाकरी हातात घेतली तरी तिच्या पोटाला बोट लागत नसे. ताई म्हणायची, "ह्यांना चंद्र उतरवून दिला तरी कडेनंच धरतील."

कारण मला त्यांच्या कामाच्या जागी गेल्यावर कळलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात गेलो होतो. एका बंद, गार खोलीत लाकडी पेटाऱ्याएवढं यंत्र होतं. फाउंड्रीवाले, वर्कशॉपवाले आपापल्या पोलादाचा छोटा तुकडा पाठवायचे. दाजी त्याचं एक तोंड घासून लख्ख करायचे, तुकडा यंत्रावर पालथा ठेवायचे, झाकण लावून बटण दाबायचे. आतून चरचर आवाज यायचा. खालून ठिणगी उडून त्या तोंडावर आपटायची आणि धातूचा कणभर भाग जळायचा. जळताना लोखंडाचा उजेड निराळा, क्रोमियमचा निराळा, कार्बनचा निराळा. तो सगळा उजेड यंत्र वेगवेगळा करून मोजायचं आणि पडद्यावर आकडे यायचे. "पोटात काय हाय ते जळताना सांगतंय बगा," दाजी म्हणाले. मी कौतुकाने तो घासलेला तुकडा उचलायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तोंडाला हात लावू नगा, पाव्हणं. कडंनं धरा."

"का? भाजतं?"

"तुमच्या बोटाचं तेल लागतंय. तेलात कार्बन असतोय. मग यंत्र तुमचाच कार्बन मोजंल. पोलाद चांगलं असून वाईट ठरायचं, निस्तं तुमच्या एका बोटानं."

तेव्हा फोटोचं कोडं सुटलं. मी घरी येऊन आईला सांगितलं. ती खूप हसली आणि मग म्हणाली, "म्हंजी पोरीला जपंल."

त्यांची आणखी एक सवय तिथेच पाहिली. एका तुकड्यावर ते एकदा ठिणगी पाडून थांबत नसत. तीनदा, तीन जागी. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले तरच सही. एक जरी फटकून वागला तर तुकडा पुन्हा घासायचा आणि पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे त्यांनी तपासलेल्या प्रत्येक तुकड्याच्या तोंडावर शर्टाच्या बटणाएवढे तीन करडे-काळे डाग असत. मग कडेला अहवालाचा नंबर कोरायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि तुकडा मांडणीत ठेवायचा. उद्या कुणी शंका काढली तर तुकडा काढून दाखवता आला पाहिजे. हे तीन डाग वाचकांनी लक्षात ठेवावेत. माझं पुढचं सगळं म्हणणं त्यांच्यावरच उभं आहे.

थोरले मालक होते तोवर प्रयोगशाळा अशी चालली. दाजींनी तिथे सव्वीस वर्षं काढली. थोरले मालक थकले, कारभार धाकट्या मालकांकडे आला. ते शिकलेले, बोलायला गोड, दाजींना 'काका' म्हणायचे. त्यांनी बंदूक आणली. बंदूक म्हणजे दिसायला बंदुकीसारखं, हातात धरायचं एक्स-रे यंत्र. धातूला नळी टेकवायची, चाप ओढायचा, दोन-तीन सेकंदांत धातूचं घराणं पडद्यावर. घासणं नाही, ठिणगी नाही, डाग नाही.

दाजी नव्याला नाकं मुरडणाऱ्यांपैकी होते असं कुणाला वाटू नये. बंदूक आली तेव्हा त्यांनी मला फोन करून बोलावून घेतलं. माझ्याकडे एक शाईचं पेन आहे. वाचनालयात पंधरा वर्षं झाली तेव्हा वाचकांनी वर्गणी काढून दिलेलं. त्याची निब सोन्याची आहे असं मी समजत होतो आणि लोकांनाही सांगत होतो. दाजींनी ती एका जाड पेटीत ठेवली, बंदूक लावली, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाव्हणं, सांगू का राहू दे?"

"सांगा की."

"पोलाद हाय. वरनं मुलामा, त्योबी कांद्याच्या पापुद्र्यावानी."

माझा चेहरा पडला असावा. त्यांनी निब कडेने धरून परत दिली. "लिवती ना नीट? मग सोन्याचं काय घिऊन बसलाय." त्यांना त्या यंत्राचा खरोखर आनंद झाला होता. मात्र त्याच दिवशी, दाराशी मला निरोप देताना, ते म्हणाले, "लई गुणाची हाय. पर एका डोळ्यानं आंधळी हाय. हिला कार्बन दिसत न्हाय."

मी अडाण्यासारखं विचारलं, एक दिसला नाही तर काय बिघडतं? त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. एक्स-रे पडले की धातूतला प्रत्येक घटक आपापले किरण परत पाठवतो. कार्बन हलका. त्याचे किरण इतके दुबळे, की बंदुकीच्या डोळ्यापर्यंत पोचायच्या आतच विरतात. आणि पोलादाचं तर सगळं त्या चिमूटभर कार्बनवरच चालतं. थोडा वाढला की पोलाद कडक होतं, आणि कडक झालेलं पोलाद वाकत नाही, तुटतं. "कणकंत मीठ किती पडलंय ते बगून सांगता येतं का? चाखावंच लागतंय," दाजी म्हणाले. बंदूक बघायची. चाखायचं काम ठिणगीचं.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते. दाजी पूजेत नसत, पण त्या दिवशी आपलं यंत्र आतूनबाहेरून पुसून ठेवायचे. त्या वर्षी हार बंदुकीला घातला. धाकट्या मालकांनी ती हौसेने एका पाहुण्याच्या गळ्यातल्या साखळीला लावली आणि "बावीस कॅरेट!" असा पुकारा केला. टाळ्या पडल्या. "गळ्यात असताना लावू नका, मालक. एक्स-रे हाय त्यो," असं एकटे दाजी म्हणाले. "काका, तुम्ही फारच घाबरता बुवा," मालक म्हणाले आणि सगळे पेढे खाऊ लागले. ठिणगीच्या यंत्राला एक विशिष्ट वायू सतत लागतो. त्याची टाकी संपली होती. पुढच्या आठवड्यात आणू, असं ठरलं. तो आठवडा आलाच नाही.

दाजी बंदुकीने जेवढं दिसतं तेवढंच लिहायचे आणि कार्बनच्या रकान्यात 'तपासला नाही' असं स्वच्छ अक्षरात टाकायचे. गिऱ्हाईकं कुरकुरायची. मग एक दिवस एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून दाजींना सहज फोन आला. साखळीच्या पिनांच्या पोलादाचा अहवाल मिळाला, बरं झालं, कार्बनसुद्धा दिलात, धन्यवाद. दाजींनी तारीख विचारली. त्या तारखेला ते वैरागला होते. त्यांच्या आईचं वर्षश्राद्ध आम्ही करत नाही, पण त्या दिवशी ते गावातल्या शाळेला वह्या द्यायचे. मी स्वतः त्यांच्याबरोबर होतो, वह्यांचा गठ्ठा माझ्या मांडीवर होता. आणि अहवालाखाली सही होती. 'उत्तम', खाली एक रेघ. संगणकातून छापलेली.

धाकट्या मालकांशी झालेलं बोलणं दाजींनी मला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच होते.

"मालक, ही सही मी केली न्हाय."

"काका, सही फॉरमॅटमध्येच आहे. काढली तर सगळं डिझाइन बिघडतं."

"बिघडू द्या की. कार्बन कशावर बगितला?"

"पार्टीच्या कागदावर होता तो. माल विकणाऱ्याचं सर्टिफिकेट असतं ना, त्यावरून घेतला."

"ज्याची तपासणी करायची, त्येच्याच कागदावरनं आकडा उतरवायचा, मग मला ठिवलाय कशाला?"

"तेच तर मीही स्वतःला विचारतोय, काका."

पुढच्या महिन्यापासून दाजी घरी बसले. आराम करा, म्हणाले मालक. सव्वीस वर्षं ज्या माणसाने एका बोटाचं तेल पोलादाला लागू दिलं नाही, त्याला ही भाषा! आणि दाजी? त्यांनी नोकरीबद्दल चकार शब्द काढला नाही. "सही काढा," एवढंच सांगून ते उठले होते. ती काढली गेली की नाही हे बघायला मात्र कुणी नव्हतं.

गळीत हंगामात साखळी तुटली. पिन मधोमध मोडली होती. दत्तू नावाचा कामगार, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावचा, त्याचा उजवा पाय सापडला. चौकशी समिती बसली. प्रयोगशाळेने तो अहवाल पुढे केला आणि सांगितलं की संबंधित तपासनीस आता आमच्याकडे नाहीत. संबंधित तपासनीस! समितीने दाजींना बोलावलं नाही. त्यांना कळलं ते बातमीतून.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन इस्पितळात गेले. मी म्हणालो, कशाला जायचं, तो चिडेल. ते म्हणाले, चिडायलाच पायजे त्यानं. दत्तू खाटेवर बसून मोसंबी सोलत होता. पाय घोट्याच्या वर कापलेला होता. दाजींनी आपलं नाव सांगितलं.

"तुमीच का ते सहीवालं?" दत्तूने विचारलं.

"नाव माझं हाय. सही मी केल्याली न्हाय."

दत्तूने मोसंबीची साल खाटेखाली टाकली. "साहेब, हितं चार जण यिऊन गेलं. समदे हेच सांगत्यात... मी न्हाय, मी न्हाय. मग पिन काय मी तोडली व्हय?"

दाजी खाली बसले, खाटेच्या दांडीला हात लावून. मग म्हणाले, "त्यात काय हुतं ते मी तुला दाखवीन. तुकडा ठिवलेला हाय तितं."

"दावा मग," दत्तू म्हणाला आणि मोसंबीच्या दोन फोडी त्याने आमच्याकडे सरकवल्या. दाजींनी फोड खाल्ली. मी माझी हातातच धरून ठेवली.

तेव्हापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. नोकरी नको, माफी नको. त्या दिवशी आपण तो तुकडा तपासला नव्हता, एवढं सिद्ध व्हावं. त्यासाठी त्यांनी समितीला अर्ज लिहिला. त्यांचा मजकूर तीन ओळींचा होता. मोडलेली पिन कापा आणि कुठल्याही ठिणगी यंत्रावर ठेवून कार्बन बघा. प्रयोगशाळेत ठेवलेला त्याच पोलादाचा तुकडा काढा. त्यावर माझे तीन डाग आहेत का ते दाखवा. बस्स.

इथे मला माझ्याबद्दल लिहावं लागेल, आणि ते लिहायला हात जड होतो. अर्ज नीट करून द्या म्हणून त्यांनी तो माझ्याकडे दिला, कारण मी शिकलेला, पुस्तकांत राहणारा. मी त्या तीन ओळींची दीड पानं केली. 'उपरोक्त विषयास अनुसरून' केलं. 'खोटी सही' खोडून 'अनवधानाने राहिलेली त्रुटी' केलं. प्रयोगशाळेचं मन दुखावू नये म्हणून दोन ठिकाणी 'कदाचित' घातलं. दाजींनी वाचलं, चष्मा काढला.

"पाव्हणं, लई गोड झालंय. पर ह्यातला कार्बन कुटं गेला?"

"सरकारी कामात असंच लिहितात, दाजी."

"तसं आसंल," म्हणाले आणि सही केली. खाली रेघ मारली. असे तीन अर्ज गेले, तिन्ही माझ्या भाषेत. एकाचंही उत्तर आलं नाही. चौथा टेबलावरच राहिला. गोड कागद कुणी वाचत नाही, हे इतकी वर्षं कागदांत राहूनही मला कळलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. वंदना झाली. दाजींच्या फोटोपुढे लोक मेणबत्त्या लावून जात होते. धाकटे मालक मोठा हार घेऊन आले आणि दोन शब्द बोलायला उभे राहिले. काका आमच्या घरातलेच होते, म्हणाले. हाताला शिस्त होती, म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शेवटी शेवटी वयोमानाने एखादी चूक होते. पण आम्ही काकांबद्दल मनात काहीही ठेवलेलं नाही..." लोकांनी माना हलवल्या. केवढं हे मोठं मन! ज्याने खोटी सही छापली त्याने, ज्याची सही छापली त्याला, त्याच्याच फोटोसमोर उभं राहून क्षमा केली. आणि मी काय केलं? आभाराचं काम माझ्याकडे होतं. मी उठलो आणि उपस्थितांबरोबर त्यांचेही आभार मानले. नाव घेऊन मानले.

घरी आल्यावर ताई चप्पल न काढता बोलली. "तू आभार कशाचे मानलेस रे? क्षमेचे?"

मी माझ्या चपला काढून कोपऱ्यात लावल्या.

"उद्या तिथे जायचं," ती म्हणाली. "ह्यांचं सामान आणायचं आहे. आणि तू गप्प बसणार असलास तर मी बोलेन."

आम्ही गेलो. ठिणगीचं यंत्र कोपऱ्यात चादरीखाली होतं. मांडण्या रिकाम्या होत होत्या, तुकडे पोत्यांत भरणं चालू होतं. धाकटे मालक अदबीने उठले, काकूंना खुर्ची दिली, चहा सांगितला. एका पिशवीत दाजींचा कोट, चष्म्याचं घर आणि एक पत्र्याचा डबा भरून ठेवला होता. "आणि हा सगळा काकांचा पसारा," पोत्यांकडे हात करून ते म्हणाले. "भंगारवाला दुपारी येतोय. आठवण म्हणून एखादा तुकडा हवा तर खुशाल घ्या."

मी पोत्याशी बसलो. अहवालाचा नंबर मला तोंडपाठ होता, प्रत्येक अर्जात टाइप केला होता. मालक माझ्याकडे बघून कौतुकाने हसत होते, मेहुण्याचं प्रेम बघा म्हणून. एक पोतं झालं. दुसरं उपसलं. हात काळे झाले. तिसऱ्या पोत्यात, वरच्याच थरात, तो मिळाला. सळईचा काप, मूठभर आकाराचा, कडेला नंबर कोरलेला. मी तो कडेने धरला आणि वळवला. तोंड लख्ख होतं. कडेला गंजाची बारीक रेघ धरली होती, बाकी आरशासारखं. त्यावर काही नव्हतं.

"यावर डाग नाहीत," मी म्हणालो.

"डाग कशाला असतील?" मालक म्हणाले. "आपल्याकडे सगळं स्वच्छ असतं. बंदुकीने मालाला जरासुद्धा धक्का लागत नाही, तोच तर तिचा फायदा आहे."

ताईने चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे हा बंदुकीनंच तपासला का, भाऊ?"

"हो, काकू. खंडेनवमीपासून सगळं बंदुकीनेच. ते जुनं यंत्र तेव्हापासून बंदच आहे."

"मग कागदावर कार्बन कुठून आला?"

मालक हसायला गेले आणि थांबले. तोवर त्यांना कळलंच नव्हतं, ते काय बोलत होते. ज्या धंद्यातल्या यंत्राला हार घालतात, त्या धंद्यात तपासलेला तुकडा कसा दिसतो हेच त्यांना माहीत नव्हतं. स्वच्छ तुकडा ही त्यांना अभिमानाची गोष्ट वाटली होती. मग त्यांनी हात पुढे केला. "तो जरा इकडे द्या, रेकॉर्डचा असेल." ताई उठली. माझ्या हातातून तिने तुकडा घेतला, दोन बोटांनी, कडेने. रुमालात गुंडाळला. "तुम्हीच म्हणालात ना, आठवण म्हणून न्या," ती म्हणाली आणि दाराकडे चालू लागली. चहा तसाच राहिला.

समितीच्या कार्यालयात मी आता पाचवा अर्ज दिला आहे. तो तीन ओळींचा आहे, दाजींच्या शब्दांत. खाली ताईची सही आहे आणि मालकांनी जे सांगितलं त्याला साक्षीदार म्हणून माझी. तुकडा इथेच ठेवून जा, असं तिथल्या बाबूंनी सुचवलं. मी नाही म्हणालो. मोडलेली पिन आमच्यासमोर कापा, आमच्यासमोर तिच्यावर ठिणगी पाडा, कार्बन जो निघेल तो निघेल, आम्हाला मान्य आहे. कमी निघाला तरी मान्य आहे. पण तो दाजींनी मोजला नव्हता, हे या तुकड्याच्या तोंडावर कुणालाही दिसेल. दत्तूला मी तुकडा नेऊन दाखवला. त्याने तो खूप वेळ फिरवून पाहिला. मी सांगायच्या आत त्यानेही कडेनेच धरला होता, का ते मला माहीत नाही. "मग त्यांचं खरं हुतं," म्हणाला. एवढंच. पण ते दाजींनी ऐकायला हवं होतं, आणि ते ऐकू शकले नाहीत ते माझ्या दीड पानांमुळे, आणि मालकांच्या डिझाइनमुळे, आणि ज्यांनी एक साधा तुकडा मांडणीवरून काढून बघितला नाही त्यांच्यामुळे. हा दोष आमच्यात कसा वाटून द्यायचा ते मला ठरवता येत नाही. दाजींनी तीनदा मोजून सांगितलं असतं.

पत्र्याच्या डब्यात त्यांनी तपासलेला एक जुना तुकडा निघाला. कुठल्या फाउंड्रीचा आहे कळत नाही, नंबर पुसट झाला आहे. तो आणि हा, दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी ठेवले आहेत. गंज चढू नये म्हणून दर रविवारी मी ताईच्या शिलाई मशीनचं तेल लावतो. पाचव्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. एका तुकड्यावर तीन डाग आहेत. दुसऱ्यावर एकही नाही.